दात, छकडा आणि तारखा

सातारा-सांगलीकडे शर्यतीच्या बैलाचं वय वर्षांत सांगत नाहीत, दातांत सांगतात. दुधाचे दात आहेत तोवर तो आदत. दोन-अडीच वर्षांचा झाला की कायमचे दोन दात येतात, मग दुसा. पुढे चौसा आणि पाचेक वर्षांचा होता होता जुळलेला. आदतांची मैदानं वेगळी, ओपनची वेगळी. खिल्लार जातीच्या खोंडाच्या नावाचा बोलबाला व्हायचा तो एवढ्याच काळात.

मोटारींच्या दुनियेतही कारकिर्दी अशाच तोकड्या. उघड्या चाकांच्या गाड्यांचा शर्यतपटू बिल वुकोविच इंडियानापोलिसला १९५३ आणि १९५४ अशी सलग दोन वर्षं जिंकला आणि ३० मे १९५५ रोजी, सगळ्यांच्या पुढे असतानाच, अपघातात गेला. त्या मैदानावर त्याच्या वाट्याला जेमतेम पाच शर्यती आल्या.

आपल्या छकड्याचीही चाकं उघडीच. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात दोन बैल, हलका छकडा आणि वर एकटा धुरकरी. ना ब्रेक, ना स्टिअरिंग. हातात फक्त कासरा. खरी मेख जुवात आहे. एका बैलाची ढांग लांब, दुसऱ्याची आखूड असेल तर छकडा तिरका ओढला जातो आणि दोघांचाही वेग मरतो. म्हणून एकटा तेज बैल असून भागत नाही, त्याला साजेसा जोडीदार लागतो. तो हेरणारी नजर असलेला माणूस गावात मोठा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. पुणे जिल्ह्यातल्या घाटात चार बैल, पुढे घोडी. तिथे बारी, म्हणजे एकेक धाव, सेकंदांवर ठरते.

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या आसपास लाल कंधारी आणि देवणी ही जातिवंत जनावरं शेतीसाठी जपली जातात. शर्यतीची हौस मात्र खिल्लारावरच जास्त.

मग कोर्ट आलं. जुलै २०११मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने बैल खेळ करवून घेण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. बैलाचं शरीर घोड्यासारखं पळण्यासाठी घडलेलं नाही, हा त्यातला एक मुद्दा. शेपूट पिरगळणं, टोचणं हे प्रकार काही कुणी कल्पनेतून काढलेले नव्हते. २०१७मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने शर्यती अडवून धरल्या. पुढे बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर राज्याने अहवाल करवून घेतला आणि १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाकडून सशर्त मोकळीक मिळाली. १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती ग्राह्य ठरवली.

२०१४ ते २०२१, साडेसात वर्षं! शर्यतवाल्यांची खरोखरीची साडेसाती. २०१४ला जन्मलेला खोंड आदत, दुसा, चौसा असं सगळं होऊन जुळला, तरी त्याने कायदेशीर मैदान पाहिलं नाही.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव १००० मीटरच्या आत, काठी-चाबकाला बंदी. नियम मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागद चोख आहे. पण धुळीत, हजारोंच्या आरोळ्यांत, धुरकऱ्याच्या मुठीत काय दडलंय हे पाहणारा माणूस रेषेजवळ उभा असतो का, यावरच त्या कागदाची किंमत ठरते.