स्प्रिंग कितीला पडली?

गावाकडे स्टेंटला स्टेंट कुणी म्हणत नाही. ‘आप्पांना दोन स्प्रिंगा टाकल्या,’ असं सांगतात, आणि ऐकणारा तब्येतीची चौकशी पुरती संपायच्या आत विचारतो, ‘कितीला पडल्या?’ २०१७पर्यंत या प्रश्नाला दहा घरांत दहा उत्तरं मिळायची. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, एक आदेश काढला. धातूच्या साध्या स्टेंटला जास्तीत जास्त ७,२६० रुपये आणि औषध सोडणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये, वर कर. त्याआधी साध्याची सरासरी छापील किंमत ४५ हजारांच्या आसपास होती आणि औषधवाल्याची १ लाख २१ हजारांच्या.

बातमी अशी आली की जणू एका रात्रीत कुणीतरी टेबलावर मूठ आपटली आणि भाव पडला. पण त्या सहीआधी तीन-चार दारं उघडावी लागली होती. ती वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खात्यांत आणि कोर्टांत उघडली. प्रत्येक दारावर वाद पैशाचा वाटे. असे मात्र शब्दाचा. स्टेंट ही वस्तू नेमकी कशात मोडते, एवढाच.

आधी वस्तू पाहू. स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी, रुंदी तीन मिलिमीटरच्या आसपास. ती मिटलेल्या फुग्यावर चढवून मनगटातून किंवा जांघेतून हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात. अडथळ्याच्या जागी फुगा फुगवला की जाळी उलगडते, फुगा परत काढतात, जाळी कायमची आत राहते. नुसत्या फुग्याने वाहिनी उघडण्याची सुरुवात आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७मध्ये झुरिकला केली. पण उघडलेली वाहिनी पुन्हा आकसायची, म्हणून १९८६मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी आत जाळी ठेवायला सुरुवात केली. जाळीभोवती पेशी वाढून वाट पुन्हा बुजू लागली, तेव्हा जाळीवर औषधाचा लेप आला. आज सर्रास वापरतात तो हाच. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात हैदराबादला डॉ. सोमा राजू आणि ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मिळून स्वस्त स्टेंट बनवला होता. क्षेपणास्त्रांच्या कामातलं धातुज्ञान त्यात वापरलं गेलं. पुढे सुरत आणि वापीच्या कारखान्यांतून देशी स्टेंट निघू लागले. थोडक्यात, ही जाळी आपल्याला बनवता येत नव्हती म्हणून महाग होती, असं नाही.

मग महाग का होती?

आकडे मी मनाचे घेतो, रीत खरी आहे. एका कंपनीने स्टेंट वितरकाला ३० हजारांना दिला, वितरकाने रुग्णालयाला ४० हजारांना. पाकिटावर छापलं १ लाख १० हजार. पेशंटच्या बिलात छापील किंमत लागते, म्हणजे मधले ७० हजार रुग्णालयाचे. आता दुसरी कंपनी म्हणाली, आमचाही माल तसाच, आम्ही रुग्णालयाला ३५ हजारांना देतो आणि छापतो ७० हजार. पेशंटचे ४० हजार वाचले. पण रुग्णालयाच्या हातात उरले निम्मे, ३५ हजार. खरेदी विभाग कुणाला ऑर्डर देईल? इथे स्पर्धा भाव खाली आणत नाही, उलट वर ढकलते. ज्याची छापील किंमत चढी, त्याचा माल खपतो. कारण निवडणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. मोजणारा तर टेबलावर आडवा, आणि त्याचा मुलगा बाहेर ‘इंडियन टाकू की इम्पोर्टेड?’ या प्रश्नासमोर उभा. अशा वेळी कुठला मुलगा स्वस्तातला मागेल?

एनपीपीएने पुढे कंपन्यांकडून माहिती मागवून जाहीर केली, तेव्हा रुग्णालयांचा नफा ११ टक्क्यांपासून ६५४ टक्क्यांपर्यंत असल्याचं दिसलं. सगळी रुग्णालयं ६५४वाली नव्हती, हेही त्याच आकड्यांत आहे. पण ११ आणि ६५४ एकाच बाजारात सुखाने नांदत होते, यातच सगळं आलं.

पहिलं दार होतं ‘औषध’ या शब्दाचं. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा औषधांचा, उपकरणांसाठी वेगळा कायदा नाही. पण सरकार अधिसूचना काढून एखाद्या उपकरणाला ‘औषध’ ठरवू शकतं. स्टेंटचा नंबर २००५मध्ये लागला, तोही किमतीसाठी नाही, सुरक्षिततेसाठी. मान्यता नसलेले स्टेंट मुंबईत वापरले गेल्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि त्या गदारोळानंतर काही मोजकी उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. जाळीला गोळीचा दर्जा मिळाला, तेव्हा कुणाच्या मनात भावाचा विचार नसावा. पण औषध ठरलेल्या वस्तूला औषध किंमत नियंत्रण आदेशही लागू होतो. २०१३च्या या आदेशाप्रमाणे अशा वस्तूची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. यात मेख अशी की पहिली किंमत काय छापायची, यावर बंधन नाही. आधीच लाखावर छापली असेल तर दहा टक्क्यांचं कुंपण कुणाला अडवणार?

कमाल किंमत बांधायची तर वस्तू अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत हवी. हे दुसरं दार, आणि ते सगळ्यात जड होतं. या यादीत गोळ्या, इंजेक्शनं, लसी असतात. उपकरण कसं घालायचं? दिल्लीतले वकील बीरेंदर सांगवान यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मागणी एवढीच, की स्टेंट औषध आहे ना, मग या यादीत का नाही? कोर्टाने भाव ठरवला नाही, सरकारला निर्णय घ्यायला लावलं. आरोग्य खात्याने एम्सचे औषधशास्त्राचे प्राध्यापक वाय. के. गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. स्टेंट आवश्यक आहे, असं समितीने सांगितलं आणि जुलै २०१६मध्ये तो यादीत आला.

तरीही भाव हलला नाही. कारण यादी आरोग्य मंत्रालयाची आणि किंमत ठरवणारं प्राधिकरण रसायने व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाखाली. एका मंत्रालयाची यादी दुसऱ्याने आपल्या आदेशाच्या पहिल्या अनुसूचीत उतरवून घ्यायची असते. हे काम डिसेंबर २०१६मध्ये झालं. मधले पाच महिने फाइल कुठे आणि कशी फिरली, याची कल्पना सरकारी कचेरीत रेशनकार्डावर नाव चढवायला गेलेल्या कुणालाही येईल. सांगवान पुन्हा कोर्टात गेले. कोर्टाने १ मार्च २०१७च्या आत किंमत ठरवा असं बजावलं, आणि मग चाकं फिरली.

आता गणित. साध्या गोळीची कमाल किंमत काढायची रीत ठरलेली आहे. बाजारात निदान १ टक्का वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडांच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि वर १६ टक्के दुकानदाराचा नफा द्यायचा. गोळीला ही रीत ठीक आहे. स्टेंटला दुकानदारच नाही. तिथे रुग्णालय हाच विक्रेता, आणि त्याला पडणाऱ्या किमतीत आधीच्या साखळीची चरबी मुरलेली. म्हणून एनपीपीए साखळीत मागे सरकली, वरच्या टप्प्याची किंमत पायाला धरली आणि व्यापारी नफा ८ टक्क्यांवर बांधला. त्या वेळी एनपीपीएचे अध्यक्ष होते भूपेंद्र सिंह. माझ्या मते या प्रकरणात एका अधिकाऱ्याचा ठसा कुठे दिसत असेल तर तो इथे: गणित कुठून सुरू करायचं या निवडीत, आणि भाव जाहीर करण्याआधी कोण किती घेतं याचा तक्ता लोकांसमोर मांडण्यात. तो तक्ता छापून आल्यावर चढ्या भावाची बाजू उघडपणे घेणं कुणालाच सोपं राहिलं नाही.

आदेशात आणखी एक बारीक कलम होतं. रुग्णालयाने बिलात स्टेंट वेगळा दाखवायचा. ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबरसह. तोवर तो ‘ॲंजिओप्लास्टी पॅकेज’ या एका गठ्ठ्यात सहज दडून जायचा.

पुढचा वाद पुन्हा शब्दाचाच निघाला. परदेशी कंपन्यांचं म्हणणं असं, की औषधवाले सगळे स्टेंट एकाच पिंजऱ्यात घालू नका. आमची जाळी जास्त पातळ, लेप नव्या पिढीचा, त्याला वेगळा वर्ग आणि वेगळा भाव द्या. हे अगदीच खोटं नव्हतं. दोन पिढ्यांत फरक असतो, आणि सगळ्यांना एकच भाव दिला तर नव्याला बक्षीस राहत नाही. पण वर्ग वाढले की पळवाटाही वाढतात. आज ‘नवी पिढी’ म्हणून वेगळा केलेला माल उद्या सगळ्यांच्याच पाकिटावर दिसेल. एनपीपीएने एकच वर्ग ठेवला. फेब्रुवारी २०१८च्या फेरआढाव्यातही तो मोडला नाही. साध्याचा भाव थोडा वाढवून ७,६६० केला आणि औषधवाल्याचा उतरवून २७,८९०.

दरम्यान काही कंपन्यांनी महागडे मॉडेल भारतातून काढून घ्यायला परवानगी मागितली. ॲबटने झायन्स अल्पाइन आणि विरघळणारा ॲबसॉर्ब यांसाठी अर्ज केला, मेडट्रॉनिकने रेझोल्युट ऑनिक्ससाठी. इथे आदेशातलं एक फारसं माहीत नसलेलं कलम कामी आलं. अनुसूचीतली वस्तू मनात आलं म्हणून बाजारातून उचलता येत नाही. निदान सहा महिने आधी सूचना द्यावी लागते, आणि सरकारला वाटलं तर ते आणखी वर्षभर पुरवठा चालू ठेवायला लावू शकतं. ॲबसॉर्बची विक्री तर कंपनीने २०१७मध्ये जगभरच थांबवली, आणि त्याचं कारण भारतातला भाव नव्हता. त्यातला गुठळीचा धोका चाचण्यांत पुढे आला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांची पाळी आली. ते अत्यावश्यक यादीत नव्हते, म्हणून तिथे किंमत नियंत्रण आदेशाचा परिच्छेद १९ वापरला: असाधारण परिस्थितीत लोकहितासाठी यादीबाहेरच्या वस्तूचीही किंमत बांधण्याचा अधिकार. तेच प्राधिकरण, पण दार निराळं. उद्योगाला धडकी भरली ती बहुधा यानेच. स्टेंटसाठी समिती, यादी, कोर्ट अशी वाट तुडवावी लागली होती. गुडघ्याला तिची गरजच पडली नाही.

मग गोष्ट वॉशिंग्टनला पोहोचली. अमेरिकी उपकरण कंपन्यांच्या ॲडवामेड या संघटनेने तिथल्या सरकारकडे तक्रार केली, की अशा किंमतबंदीमुळे भारतात आम्हाला रास्त प्रवेश मिळत नाही. भारताला काही मालावर आयातशुल्काची माफी देणाऱ्या जीएसपी सवलतीचा तेव्हा फेरविचार चालू होता, आणि अमेरिकी दूधउत्पादकही तक्रारदार होते. ५ जून २०१९पासून ती सवलत गेली. स्टेंटच्या भावाचा चटका असा स्टेंटशी काडीचा संबंध नसलेल्या निर्यातदारांनाही बसला. देशी उत्पादकांचं गाऱ्हाणं मात्र निराळं होतं. त्यांच्या एआयमेड संघटनेचे राजीव नाथ नफ्यावर लगाम घाला असं म्हणत आणि त्याच दमात आयात मालावर शुल्क वाढवा असंही म्हणत. उपकरण उद्योग म्हणून एकच आवाज असतो असं समजणाऱ्याने ही दोन निवेदनं शेजारी ठेवून वाचावीत.

कंपन्या सुचवत होत्या तो पर्याय असा: किंमत बांधू नका, मधल्या साखळीचा नफा बांधा. तो कोविडमध्ये आला. जून २०२१मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, आणि पुढच्या महिन्यात ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबाचं यंत्र, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर यांवर, वितरकाला पडणाऱ्या किमतीच्या वर जास्तीत जास्त ७० टक्के नफा अशी मर्यादा लागली. या रीतीत कंपनीचा भाव मोकळा राहतो. कंपनीच चढा भाव लावत असेल तर ती लंगडी पडते. मधलेच खात असतील तर पुरेशी ठरते. स्टेंटच्या बाबतीत मधलेच जास्त खात होते. म्हणून या पर्यायाला मी निव्वळ पळवाट म्हणणार नाही, जरी तो मांडणाऱ्यांचा हेतू साधा नसला तरी.

एक दार याच्याही आधी उघडलं होतं. १ एप्रिल २०२०पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याने ‘औषध’ झाली. सलाइनच्या नळीपासून एमआरआयच्या यंत्रापर्यंत सगळी. म्हणजे दहा टक्क्यांचं कुंपण आता सगळ्यांना आहे आणि मेखही तीच, पहिली किंमत मोकळी. कमाल किंमत मात्र थोड्याच वस्तूंना. स्टेंटची किंमत घाऊक किंमत निर्देशांकाबरोबर दर एप्रिलला हलते. एप्रिल २०२५मध्ये साध्याची १०,७०० रुपयांच्या आसपास आणि औषधवाल्याची ३८,९०० रुपयांच्या आसपास होती, कर सोडून.

घरात कुणाची या आदेशानंतर ॲंजिओप्लास्टी झाली असेल आणि बिल जपून ठेवलं असेल तर ते काढून पाहा. स्टेंटची ओळ सापडेल, ब्रँड आणि बॅच नंबरसह, कमाल किमतीच्या आत. तिच्या वर-खाली फुग्याची, गाइडवायरची, कॅथेटरची ओळ असेल, खाली कॅथलॅबचं भाडं आणि डॉक्टरांची फी. या ओळींना कमाल किंमत नाही.