बिरसीची धावपट्टी आणि खजिन्याची किल्ली

गोंदियाहून धानाच्या बांध्या ओलांडीत कामठ्याकडे गेले म्हणजे बिरसीची धावपट्टी लागते. वैमानिकी शिकणाऱ्या तरुणांची लहान विमाने आज तिच्यावरून उडतात. परंतु ब्रिटिशांनी ती १९४० साली बांधली ती महायुद्धाच्या धामधुमीत, आणि त्या युद्धात हिंदुस्थानने उतरावे की नाही, हे येथील एकाही विधिमंडळाला कोणी विचारले नव्हते.

तसे पाहता मर्यादा कायद्यात जुनीच होती. प्रत्यक्ष आक्रमण किंवा आकस्मिक निकड वगळता, सरहद्दीपलीकडील लष्करी मोहिमेवर हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून खर्चू नये, असे १८५८ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगत होते. मात्र ती संमती लंडनची. सारा भरणाऱ्या रयतेचा तीत आवाज नव्हता. १९३५ च्या कायद्यानेही संरक्षणखाते गव्हर्नर जनरलकडेच राखून ठेविले आणि त्याचा खर्च सभागृहाच्या मतापलीकडे नेला. म्हणूनच ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी परस्पर युद्धसहभाग जाहीर केला, तेव्हा लोकप्रतिनिधींच्या हाती राजीनाम्यावाचून फारसे काही उरले नाही. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील गोंदिया ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडे, तेथील रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळ नोव्हेंबरात पायउतार झाले. पुढील वर्षी, १७ ऑक्टोबरला, विनोबांनी पवनारला युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मध्यवर्ती विधिसभेने युद्धखर्चासाठी आणलेले पुरवणी वित्त विधेयक फेटाळले, तरी गव्हर्नर जनरलने आपल्या खास अधिकारात ते मंजूर करून घेतले.

आज खजिन्याची किल्ली संसदेपाशी आहे: लष्करासह सर्व खात्यांच्या मागण्यांवर लोकसभा मत देते, आणि संचित निधीतून कायद्यावाचून पैसा निघत नाही. परंतु परदेशी फौज धाडण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी, असे बंधन घालणारा स्पष्ट कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेने १९७३ साली, विधिमंडळाच्या संमतीवाचून फौज लढाईत ठेवण्यास अध्यक्षाला साठ दिवसांची मुदत घालून दिली. आपण १९८७ साली सरकारच्या करारावर श्रीलंकेत शांतिसेना पाठविली, आणि हजाराहून अधिक जवान तेथे कामी आले. २००३ च्या एप्रिलात मात्र लोकसभेने इराकवरील आक्रमणाविरुद्ध ठराव केला, आणि अमेरिकेच्या विनंतीनंतरही सरकारने जुलैत तेथे सैन्य धाडण्यास नकार दिला. सभागृहाने आधीच स्पष्ट शब्द उच्चारला असला, म्हणजे सरकारलाही नकार देणे सुकर होते, असे मला या उदाहरणावरून वाटते.

सैन्याच्या सर्वोच्च आधिपत्याचे नियमन कायद्याने व्हावे, असे घटनेचे ५३ वे कलमच सांगते. तेव्हा असा कायदा करण्यास घटनेची आडकाठी नाही. भंडारा-गोंदियाच्या मतदारांनी पुढील निवडणुकीत उमेदवाराला रस्ता, पाणी आणि धानाचा भाव यांच्याबरोबर हेही अवश्य विचारावे: आमचा मुलगा परक्या देशाच्या लढाईत जाणार असेल, तर त्याआधी सभागृहात तुमचे मत घेतले जावे, यासाठी तुम्ही उभे राहाल काय?