धारेवरची पेटी

हॅम रेडिओ म्हणजे निवृत्त काकांचा छंद, असं मी परवापर्यंत समजत होते. वर्गातला एक मित्र त्याच्या परवान्याच्या परीक्षेला बसतोय. मी चिडवलं तर म्हणाला, "अगं, आधी माउंट मिचेलचं वाच, मग हस."

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेला ब्लॅक माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. माउंट मिचेल हे तिचं शिखर 2,037 मीटर उंच. त्याच रांगेच्या धारेवर हौशी रेडिओवाल्यांचा एक रिपीटर आहे.

हातातल्या हँडसेटची ताकद जेमतेम पाच वॉट. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की संपलं. सपाट मैदानातसुद्धा दहाएक किलोमीटरनंतर पृथ्वीची गोलाईच आड येते. पण दोन्ही दऱ्यांतून दिसेल अशा धारेवर पेटी ठेवली, की ती इकडचं ऐकून त्याच क्षणी तिकडे जोरात बोलते. ऐकते 144.590 मेगाहर्ट्झवर, बोलते 145.190 वर. दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर केलं असतं तर स्वतःच्याच आवाजाने तिचे कान बधिर झाले असते! खरी करामत पेटीची नाहीच, उंचीची आहे.

27 सप्टेंबर 2024 ला हेलीन वादळाच्या पावसाने या दऱ्या बुडाल्या. रस्ते वाहून गेले, वीज गेली, बहुतेक मोबाइल टॉवर बंद पडले. हा रिपीटर मात्र चालू राहिला. पुढे कित्येक दिवस त्यावर लोक विचारत होते: अमुक रस्ता उघडा आहे का, तमुक गावातली आई सुखरूप आहे का, औषध कुठे मिळेल.

अडचण एवढीच, की रिपीटरवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी बटण दाबलं की नुसती खरखर. म्हणून एक जण सूत्रं हाती घेतो, तो नाव घेईल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. स्वतःची आई बेपत्ता असताना थांबायचं! आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हे एक दिवसही जमणार नाही.

आता आम्ही कँटीनमध्ये बंद सेटवर सराव करतो, परवाना नाही ना अजून. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं असतं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माझा अजून कापला जातोच.