जुने टीव्ही कार्ड आणि खुला ड्रायव्हर

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे नगर होय. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या कराराने येथील कारखान्याचा पाया घातला गेला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामाच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे येऊन स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. कुरुद हा याच नगराचा एक भाग. धमतरीजवळचे कुरुद निराळे.

कुरुदमधील एखाद्या घराची कल्पना करावी. कपाटात दहा-बारा व्हिडिओ कॅसेटी आहेत. एकीवर थोरल्या मुलीचे लग्न, दुसरीवर गणेशोत्सवातले नाटक, तिसरीवर आज हयात नसलेल्या आजोबांचे बोलणे. व्ही.सी.आर. अजून चालतो. जुन्या संगणकातून काढून ठेवलेले एक टीव्ही कार्डही घरात आहे. कॅसेटीवरील चित्र संगणकात उतरवून घ्यावे म्हणून घरच्यांनी ते कार्ड दुसऱ्या संगणकात बसविले. संगणक सुरू झाला, परंतु त्याने कार्डाला ओळखच दिली नाही. कार्ड जळलेले नाही, तार तुटलेली नाही. मग उणीव कशाची आहे? या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी प्रथम चित्राचा संकेत कसा असतो, ते पाहू.

चित्राचा संकेत

दुर्ग जिल्ह्याचा दूरचित्रवाणीशी परिचय जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याकरिता अमेरिकेचा ए.टी.एस.–६ हा उपग्रह वापरण्यात आला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे त्यांत होते. जाळीच्या तबकडीसारख्या अँटेनाने संकेत झेलून गावकऱ्यांना एकत्र बसवून कार्यक्रम दाखविले जात.

भारतात पुढे जी रंगीत दूरचित्रवाणी आली, ती पाल या पद्धतीची. या पद्धतीत पडद्यावरील चित्र ६२५ आडव्या रेषांनी विणले जाते आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे उमटतात. ६२५ पैकी सुमारे ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असते. उरलेल्या रेषांच्या काळात संच पुढील चित्राची तयारी करतो. प्रत्येक रेषेवरील उजेड-अंधार हा विजेच्या दाबातील चढउताराच्या रूपाने येतो. रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका उपवाहक लहरीवर त्यातच मिसळलेली असते. असा संकेत अखंड वाहतो, त्यात पायऱ्या नसतात. संगणकाला मात्र केवळ अंक कळतात. वाहत्या संकेताचे अंकांत रूपांतर करणे हेच टीव्ही कार्डाचे काम.

कार्डाच्या आत

जुन्या टीव्ही कार्डावर दोन मुख्य अवयव असतात. पत्र्याच्या डबीत बंद असलेला पहिला अवयव म्हणजे ट्यूनर. अँटेना किंवा केबल यांतून येणाऱ्या अनेक वाहिन्यांपैकी हवी ती वेगळी करणे हे त्याचे कार्य. दुसरा अवयव म्हणजे चित्र अंकांत उतरविणारी चिप. ब्रुकट्री या कंपनीच्या बीटी ८४८ आणि पुढील बीटी ८७८ या चिपा या कामी जगभर फार वापरल्या गेल्या. अनेक निरनिराळ्या नावांनी विकल्या गेलेल्या कार्डांवर मुळात हीच चिप असे.

ही चिप संकेताचे सेकंदाला कोट्यवधी वेळा मोजमाप घेते, रंग आणि उजेड वेगळे करते व प्रत्येक बिंदूचे अंक संगणकाच्या स्मृतीत नेऊन ठेवते. हे किती मोठे काम आहे, ते साध्या गुणाकाराने कळेल. एका चित्रात ७६८ गुणिले ५७६, म्हणजे ४,४२,३६८ बिंदू. प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरल्यास एका चित्राला ८,८४,७३६ बाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणून दर सेकंदाला २ कोटी २१ लाखांहून अधिक बाइट. या हिशेबाने एका तासाच्या कॅसेटीला, माहिती न दाबता ठेवल्यास, सुमारे ८० गिगाबाइट जागा लागेल.

इतकी माहिती संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाने एकेक करून उचलली, तर त्याला दुसरे काम करावयास उसंत मिळणार नाही. म्हणून चिपच स्वतः माहिती स्मृतीत पोचविते. कोणती रेषा कोठे ठेवावयाची याची यादी तिला अगोदर लिहून द्यावी लागते. ती वाचत वाचत चिप आपले काम करते. ही यादी देणारा कोण? येथेच ड्रायव्हरचा प्रवेश होतो.

ड्रायव्हर म्हणजे काय

ड्रायव्हर म्हणजे यंत्राशी त्याच्या भाषेत बोलणारी आज्ञावली होय. चित्र पाहण्याच्या आज्ञावलीला कार्डाचे अंतरंग ठाऊक नसते, ती एवढेच म्हणते की, “चौथी वाहिनी दाखवा.” या मागणीचे कार्डाला समजणाऱ्या अंकांत भाषांतर ड्रायव्हर करतो.

एक उदाहरण घेऊ. पाल पद्धतीच्या चौथ्या वाहिनीच्या चित्राची वाहक लहर ६२.२५ मेगाहर्ट्झची असते. ट्यूनर ती लहर ३८.९ मेगाहर्ट्झ या ठराविक मध्यम वारंवारतेवर आणतो. त्यासाठी त्याच्या आतील आंदोलकाची वारंवारता ६२.२५ अधिक ३८.९, म्हणजे १०१.१५ मेगाहर्ट्झ हवी. अनेक ट्यूनरांत आंदोलक ६२.५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी हलतो. १०१.१५ मेगाहर्ट्झला ६२.५ किलोहर्ट्झने भागले की १६१८.४ येतात. तेव्हा ड्रायव्हरने ट्यूनरला १६१८ हा अंक पाठवावयाचा. तो दोन तारांच्या एका छोट्या मार्गावरून जातो. अंक चुकला, तर पडद्यावर केवळ मुंग्या दिसतात.

कॅसेटीसाठी ट्यूनरची गरज नसते. व्ही.सी.आर.ची पिवळी तार कार्डाच्या चित्रप्रवेशात लावली की चिपला संकेत थेट मिळतो. तरीही कोणता प्रवेश निवडावा, पाल पद्धत कशी धरावी, चित्राची उंची-रुंदी किती, हे सर्व ड्रायव्हरनेच सांगावे लागते.

एक चिप, अनेक कार्डे

अडचण अशी की, चिप एक असली तरी कार्डे एकसारखी नसतात. एका कारखानदाराने एक ट्यूनर बसविला, दुसऱ्याने दुसरा. आवाजाचा मार्ग चालू-बंद करणारी कळ चिपच्या कोणत्या पायाला जोडावी, हेही ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरविले. त्यामुळे ड्रायव्हरला कार्डाची चुकीची ओळख पटली, तर चित्र दिसते पण आवाज येत नाही. किंवा आवाज येतो पण वाहिनी लागत नाही.

पुढच्या काळातील पुष्कळ कार्डांवर एक लहानशी स्मृति-चिप असून तीत कार्डाचा ओळख-क्रमांक लिहिलेला असतो. बीटी ८४८ च्या काळातील कार्डांवर बहुधा ती सोय नसे. अशा कार्डांसाठी लिनक्स या खुल्या प्रणालीतील बीटीटीव्ही नावाच्या ड्रायव्हरमध्ये कार्डांची एक यादीच ठेवलेली आहे. तीत दीडशेहून अधिक कार्डांची नोंद असून ट्यूनरांची वेगळी यादी आहे. ओळख आपोआप न पटल्यास वापरणाऱ्याने कार्डाचा आणि ट्यूनरचा क्रमांक हाताने सांगावयाचा. ही यादी एका माणसाने बसून केलेली नाही. ज्याच्या हाती जे कार्ड होते, त्याने ते उघडून पाहिले, चिपांवरील अक्षरे वाचली, प्रयोग करून योग्य अंक शोधला आणि यादीत घातला. एखाद्या गावच्या विहिरींची नोंद जशी पिढ्यान्‌पिढ्या होत जाते, तशी ही नोंद वाढत गेली.

बंद ड्रायव्हर आणि खुला ड्रायव्हर

आता कुरुदच्या घराकडे परत येऊ. तेथील कार्डाबरोबर मूळची एक तबकडी आली होती. तिच्यात ड्रायव्हर होता. पण तो केवळ यंत्राला कळणाऱ्या अंकांच्या रूपात. त्याचे मूळ लेखन कारखानदाराजवळच राहिले. पुढे संगणक ३२ बिटांचे होते ते ६४ बिटांचे झाले. ६४ बिटांच्या विंडोज प्रणालीत ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही; शिवाय २००७ साली लोकांच्या हाती आलेल्या व्हिस्टापासून ६४ बिटांच्या प्रणालीत ड्रायव्हरवर मान्य स्वाक्षरीही आवश्यक झाली. जुन्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात विक्रेत्याला लाभ नव्हता. म्हणून कित्येक कार्डे धडधाकट असूनही निरुपयोगी झाली.

खुल्या ड्रायव्हरची रीत निराळी आहे. बीटीटीव्ही ड्रायव्हर राल्फ मेट्झलर यांनी लिहावयास घेतला आणि पुढे अनेक वर्षे गेर्ड क्नोर यांनी त्याचा सांभाळ केला. जानेवारी १९९९ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या २.२ या आवृत्तीत तो समाविष्ट होता. त्याचे मूळ लेखन कोणीही वाचावे, सुधारावे आणि वाटावे, अशी परवानगी आहे. म्हणून संगणक ६४ बिटांचे झाले, तेव्हा तेच लेखन त्या यंत्रांसाठी पुन्हा बांधता आले.

भिलाईच्या वाचकाला यातील मर्म लवकर पटेल. परदेशाहून आलेल्या यंत्राचा आराखडा हाती असेल आणि तो वाचणारा शिकलेला कारागीर जवळ असेल, तर झिजलेला भाग येथेच घडविता येतो. आराखडा नसेल, तर तेच यंत्र एका खिळ्यापायी अडून बसते. ड्रायव्हरचे मूळ लेखन हा कार्डाचा असाच आराखडा होय.

खुलेपणा पुरेसा नाही

परंतु लेखन खुले असले की काम संपले, असे मानणे चुकीचे ठरेल. लिनक्सचा गाभा सतत बदलत असतो. चित्रविषयक साधनांसाठी त्याने प्रारंभी स्वीकारलेली व्हिडिओ फॉर लिनक्स ही पद्धत मागे पडून तिची दुसरी, सुधारलेली आवृत्ती आली आणि २०११ साली पहिली पद्धत काढून टाकण्यात आली. प्रत्येक बदलाबरोबर प्रत्येक जुन्या ड्रायव्हरमध्ये फेरफार करावे लागतात.

चित्रे स्मृतीत साठविण्याची गाभ्यातील जुनी व्यवस्था अशीच कालबाह्य झाली. तिच्यावर विसंबलेले ड्रायव्हर नव्या व्यवस्थेवर आणावेत, नाहीतर काढून टाकावेत, असा प्रसंग आला. ज्यांचा कोणी वाली उरला नव्हता, असे काही ड्रायव्हर खरोखरच गाभ्यातून गेले. बीटीटीव्हीवरही ही वेळ आली होती. २०२३ साली डेबोरा ब्राउवर यांनी तो नव्या व्यवस्थेवर आणला आणि तो टिकला. पाव शतकापूर्वीच्या चिपांसाठी एका व्यक्तीने केलेले हे कष्ट होते. अशा कामात दुसरी गरज असते ती प्रत्यक्ष कार्डाची. कारण केवळ लेखन वाचून चित्र नीट उमटते की नाही, हे कळत नाही. म्हणून ज्याच्याजवळ जुने कार्ड आहे आणि जो ते लावून पाहून आढळलेला दोष स्वच्छ शब्दांत कळवितो, तोही या कार्यातला भागीदार ठरतो.

एक मर्यादा मात्र ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेरची आहे. ही जुनी कार्डे पीसीआय खाचेत बसतात. अलीकडील बहुतेक संगणकांत ती खाच उरलेली नाही. ज्याला कॅसेटी उतरवावयाच्या असतील, त्याने ती खाच असलेला जुना संगणक मोडीत काढू नये.

आज या कार्डाचे काय काम?

दूरचित्रवाणी पाहण्यासाठी या कार्डांचा उपयोग आता जवळजवळ संपला आहे. भारतातील केबलचे अंकीकरण टप्प्याटप्प्याने होऊन त्याची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. दूरदर्शनची जमिनीवरील जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रेही, मोक्याच्या ठिकाणची मोजकी वगळता, २०२२ च्या सुमारास बंद करण्यात आली. हवेतला तो संकेत गेला. कॅसेटीवरचा मात्र शिल्लक आहे.

तोही फार काळ टिकणारा नाही. फितीवरील चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप कालांतराने खराब होतो आणि दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. फीत शाबूत राहिली, तरी ती वाचणारे यंत्र दुर्मिळ होत आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्ही.सी.आर.चे उत्पादन थांबविले, आणि नव्या व्ही.सी.आर.ची निर्मिती त्याबरोबर संपली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की, चुंबकीय फितींवरील जे साहित्य २०२५ पर्यंत अंकांत उतरविले जाणार नाही, त्यातील बरेचसे कायमचे गमावले जाण्याचा धोका आहे. ते वर्ष उलटून गेले आहे. कॅसेटी एका रात्रीत पुसल्या गेल्या नाहीत; परंतु दर पावसाळ्यानंतर काही कमी होत आहेत.

एखाद्या शाळेजवळ स्नेहसंमेलनाच्या, किंवा वाचनालयाजवळ व्याख्यानांच्या कॅसेटी असतील, तर त्यांच्यासाठी फार खर्चाच्या सामग्रीची आवश्यकता नाही. चालता व्ही.सी.आर., पीसीआय खाचेचा जुना संगणक, बीटी ८७८ सारखी चिप असलेले कार्ड आणि लिनक्स एवढ्यावर आरंभ करता येतो. बुरशी लागलेली फीत मात्र स्वच्छ केल्यावाचून यंत्रात घालू नये. तिच्यामुळे यंत्राचे शीर्ष खराब होऊन पुढच्या कॅसेटीही बाधतात. सर्वांत मोलाची आणि दुसरी प्रत नसलेली कॅसेट आधी उतरवावी. परंतु हात बसावा म्हणून तत्पूर्वी बिनमहत्त्वाच्या एका कॅसेटीवर प्रयोग करावा.

कुरुदच्या त्या घरी उणीव कार्डाची नव्हती. कार्डाशी कसे बोलावे या ज्ञानाची होती. ते ज्ञान कोणीतरी लिहून ठेवले, सर्वांसाठी खुले केले आणि दुसऱ्या कोणीतरी वेळोवेळी दुरुस्त केले, म्हणून ते कार्ड आजही जागे होऊ शकते आणि आजोबांचा आवाज नातवंडांना ऐकविता येतो.