परसातील लिंबूवर्गीय झाडे : निवड, जोपासना व उपयोग

परसात हौसेने लावलेले संत्र्याचे झाड चार-पाच वर्षे डौलाने वाढते आणि पुढे त्याला खरबरीत सालीची, आंबट फळे येऊ लागतात. घरची मंडळी म्हणतात, "झाड फिरले." दुसऱ्या एखाद्या घरी न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली लिंबोणी ऐन भरात असताना बुंध्याशी डिंक गाळू लागते आणि वर्षा-दोन वर्षांत वाळून जाते. तेथे दृष्ट लागल्याचा बोलबाला होतो. प्रस्तुत लेखकास गावोगावच्या फिरतीत या दोन तक्रारी वारंवार ऐकावयास मिळाल्या आहेत. वस्तुतः झाड फिरत नाही आणि त्यास दृष्टही लागत नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ जमिनीलगतच्या वीतभर खोडात असते. तेवढे वीतभर खोड ज्याने ओळखले व राखले, त्याच्या परसातील झाड अनेक वर्षे फळ देते. म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रथम समजून घ्यावी व मग घरोघर समजावून द्यावी.

झाड 'फिरते' म्हणजे काय?

रोपवाटिकेतून आणलेले संत्र्याचे किंवा मोसंबीचे कलम ही एका अंगात नांदणारी दोन झाडे होत. खालची मुळे व बुंधा जंबेरीचा अथवा रंगपूर लिंबाचा असतो. यास खुंट म्हणतात. या खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीवर संत्र्याचा डोळा भरलेला असतो व त्या डोळ्यापासून वरचे सर्व झाड वाढते. डोळ्याच्या खालून फुटणारा प्रत्येक फुटवा मात्र खुंटाचा, म्हणजे जंबेरीचा असतो. तो काटेरी, जोमदार व सरळ वाढणारा असल्यामुळे पाहणाऱ्यास कौतुक वाटते व तो तसाच राखला जातो. दोन-तीन वर्षांत तो संत्र्याच्या फांद्यांवर मात करतो, संत्रा सावलीत खंगतो आणि शेवटी उरते ती जंबेरी. लोक ज्यास झाड फिरणे म्हणतात ते हेच होय.

यावर उपाय सोपा आहे. डोळ्याचा सांधा बोटाने चाचपून ओळखावा. तेथे खोडास किंचित बाक व जाडी असते. त्याखालचा फुटवा कोवळा असतानाच बुडापासून खुडून काढावा. शंका आल्यास पान चुरगळून वास घ्यावा. संत्र्याच्या पानाचा वास व जंबेरीच्या पानाचा वास यांत भेद आहे व तो एकदा नाकाला कळला की पुन्हा चूक होत नाही.

बी, डोळा की गुटी?

कागदी लिंबाची लागवड आपल्याकडे बियांपासूनच करतात व ती योग्यही आहे. या फळाच्या एका बीतून पुष्कळदा दोन किंवा तीन अंकुर निघतात. त्यांपैकी बहुतेक परागसंकरातून उत्पन्न झालेले नसून मातृवृक्षाच्या पेशींपासूनच निर्माण झालेले असतात. त्यामुळे ते आईचे गुण जसेच्या तसे घेऊन येतात. म्हणून ज्या लिंबोणीची फळे पातळ सालीची व रसाळ आहेत, तिचे पिकलेले फळ घेऊन बी काढावे व ते वाळू न देता ताजेच पेरावे. वाळलेल्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते. रोपांपैकी जी इतरांहून अगदी खुरटी किंवा वेगळ्या पानांची दिसतील ती काढून टाकावीत. साई सरबती हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा, तर विक्रम व प्रमालिनी हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कागदी लिंबाचे निवडक वाण होत. विक्रम व प्रमालिनी यांची फळे घोसाने येतात.

संत्रा व मोसंबी यांची रोपेही बियांपासून बहुधा आईसारखीच निघतात. परंतु ती उंच व काटेरी होतात, फळास फार उशिरा येतात आणि चांगल्या खुंटाचा लाभ त्यांना मिळत नाही. यास्तव या दोहोंची डोळा भरलेली कलमेच घ्यावीत.

पपनसाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या बीत एकच अंकुर असतो व तो संकरातून आलेला असतो. त्यामुळे गोड, गुलाबी गराच्या पपनसाचे बी लावले तरी त्याच गुणाचे झाड येईलच असा भरवसा नाही. येथे गुटी कलम करावे. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरील सुमारे ३ सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी, तेथे ओले शेवाळ बांधून वर पॉलिथीन घट्ट गुंडाळावे आणि आत मुळ्या भरपूर दिसू लागल्यावर फांदी कापून कुंडीत लावावी. महाळुंग फाटे कलमानेही येते.

कलमे विकत घ्यावयाची असल्यास कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. फळझाडांच्या रोपवाटिकांस परवाना असावा असा कायदा महाराष्ट्रात १९६९ मध्ये झाला. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे विचारण्याचा घेणाऱ्यास अधिकार आहे. पावती जपून ठेवावी. बाजारात आठवड्याच्या दिवशी टोपलीतून येणारे कलम स्वस्त असते खरे, पण त्याची चूक कळावयास पाच वर्षे लागतात.

कोणत्या परसात काय लावावे?

विदर्भातील मध्यम, निचऱ्याच्या जमिनीत संत्र्याने नाव मिळविले. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. मराठवाड्यात मोसंबी मानवते; जालन्याच्या मोसंबीस असेच मानांकन २०१६ मध्ये मिळाले. कागदी लिंबू देशावरील कोरड्या हवेत उत्तम येते. कोकण व गोवा येथील भर पावसाच्या प्रदेशात कागदी लिंबावर खैऱ्या रोगाचा उपद्रव अधिक होतो. तेथे पपनस व ईडलिंबू यांस परसात मानाचे स्थान द्यावे. गोव्यात चतुर्थीच्या माटोळीत पपनस टांगलेले दिसते. महाळुंग हे तर पूजेतले फळ. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती ते आहे. हौशी गृहस्थाने जागा असल्यास त्याचेही एक झाड ठेवावे.

जमीन कोणतीही असो, तिच्यातून पाण्याचा निचरा झाला पाहिजे. दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यात पाणी साचलेले आढळल्यास ती जागा या झाडांस योग्य नाही असे समजावे. तसेच खाली चुनखडीचा थर लागल्यास तेथे लागण करू नये.

लागण

उन्हाळ्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तापू द्यावा. पावसाच्या आरंभी पोयटा माती, दोन घमेली कुजलेले शेणखत, १ किलो सुपर फॉस्फेट व १ किलो निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने तो भरावा. माती पुढे खचते, म्हणून खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरावा. कलम लावताना डोळ्याचा सांधा जमिनीपासून वीतभर वर राहिलाच पाहिजे. पुढे मायेपोटी बुंध्याशी माती चढविण्याची पुष्कळांस सवय असते. ती येथे घातक ठरते. दोन झाडांत २० फुटांचे अंतर असावे. अंगण नसलेल्यांनी तळाशी भोके पाडलेल्या मोठ्या पिंपात लिंबाचे गुटी कलम लावावे.

पाणी मुळांना द्यावे, खोडाला नव्हे

न्हाणीजवळ लिंबोणी लावण्याची जुनी चाल आहे. पाणी फुकट जाऊ नये हा तिच्यातील विचार चांगला. परंतु सतत ओल्या बुंध्यास डिंक्या रोग जडतो. या रोगाच्या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहून खोडाच्या सालीत शिरतात. साल कुजते, डिंक गळतो, पाने पिवळी पडतात व झाड वाळते. संत्र्याची साल या रोगास फार लवकर बळी पडते. डोळा उंचावर भरतात तो याच कारणाने. साबणाच्या पाण्यातील क्षारांनी मातीही कडक होते. म्हणून न्हाणीचे पाणी केळीस द्यावे व लिंबोणी दहा-बारा हात दूर लावावी.

पाणी देण्यासाठी दुहेरी आळे करावे. खोडाभोवती हातभर अंतरावर मातीचा एक गोल वरंबा घालावा व आतील भागास खोडाकडून बाहेर उतार द्यावा, म्हणजे तो कोरडा राहील. दुसरा गोल वरंबा फांद्यांच्या टोकांखाली घालावा. पाणी व खत या दोन वरंब्यांच्या मध्ये द्यावे. अन्न घेणारी बारीक मुळे तेथेच असतात. पालापाचोळ्याचे आच्छादनही खोडास टेकू देऊ नये.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खोडास तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र ढवळावेत. डिंक दिसल्यास धारदार चाकूने कुजलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडून हेच मलम लावावे व खरवडलेली साल जाळून टाकावी.

कीड व रोग

कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी व पुढे हिरवी होणारी अळी ही एका फुलपाखराची संतती होय. घरच्या एक-दोन झाडांवर औषध मारण्याचे कारण नाही. सकाळी अळ्या वेचून नष्ट कराव्यात. मुलांना हे काम आवडते. पानांवर चंदेरी नागमोडी रेषा उमटल्यास ती पाने पोखरणारी अळी समजावी व पालवीवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाने, फांद्या व फळे यांवर तपकिरी, खरखरीत ठिपके म्हणजे खैऱ्या रोग. रोगट फांद्या पावसापूर्वी छाटून जाळाव्यात व १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. म्हणजे १ लिटर पाण्यास मोरचूद व चुना प्रत्येकी १० ग्रॅम. मिश्रणात स्वच्छ लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा पडल्यास, आणि नवी पाने लहान येत असल्यास, बहुधा जस्ताची उणीव असते. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट व अडीच ग्रॅम चुना मिसळून नव्या पालवीवर फवारावे.

फळांचा उपयोग

लिंबूवर्गीय फळे आंब्याप्रमाणे अढीत पिकत नाहीत. झाडावर जी गोडी आली तीच खरी. म्हणून आंबट संत्री तोडून ठेवण्यात लाभ नाही. उलट, सालीचा हिरवा रंग म्हणजे कच्चेपणा असेही नाही. रंग थंडीने येतो. एक फळ खाऊन पाहावे व मग तोडणी करावी. संत्र्याची साल सैल असते. फळ ओढल्यास ती देठाशी फाटते व फळ कुजते. यासाठी कात्रीने देठासह कापावे.

मोसंबीचा रस काढून ठेवल्यास कडवट होतो, म्हणून तो ताजाच घ्यावा. पपनसाच्या फोडींवरील पांढरा पापुद्रा पूर्णपणे काढावा. कडूपणा त्यातच असतो. हृदयविकाराची किंवा रक्तातील चरबीची औषधे घेणाऱ्यांनी पपनस खाण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, कारण काही औषधांचा परिणाम या फळाने वाढतो. ईडलिंबाची जाड साल लोणच्यात छान मुरते, तर महाळुंगाच्या सालीचा पाक करतात. लोणचे अथवा सरबत कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. लिंबातील क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. म्हणून वरणात लिंबू पिळावयाचे ते पान वाढल्यावर, चुलीवर असताना नव्हे. मुलांच्या हिरड्या निकोप राहण्यास हे जीवनसत्त्व अवश्य आहे.

लिंबास उन्हाळ्यात मोल येते. त्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारा हस्त बहार उपयोगी पडतो. घरापुरत्या झाडास मात्र कडक ताण देऊन बहार धरण्याचा अट्टाहास करू नये.

समारोप

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पावसापूर्वीच्या भेटीत प्रत्येक घरी तीन गोष्टी पाहाव्यात : डोळ्याचा सांधा मातीच्या वर आहे काय, त्याखाली फुटवा आला आहे काय, आणि बुंधा कोरडा आहे काय. ही पाहणी पाच मिनिटांची आहे. पण तेवढ्याने जे झाड वाचेल, त्याच्या फळांनी एका घरचे लोणचे, सरबत व पूजेचे ताट पुढे अनेक वर्षे भागेल.