काळं पडलेलं अंडं कोणाचं?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात एका कपाशीच्या शेतात सप्टेंबरच्या सुरुवातीला, ऊन कलल्यावर, आम्ही ट्रायकोकार्डाच्या पट्ट्या लावत होतो. जाड कागदाच्या कार्डावर खसखशीसारखी अंडी चिकटवलेली असतात. कात्रीने त्याचे तुकडे करायचे आणि पानाच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टाचायचे, म्हणजे ऊन-पाऊस थेट लागत नाही. अंडी असतात धान्यात जाळी करणाऱ्या कॉर्सिरा पतंगाची. मूळचा रंग पांढरट, पण ही काळी पडली होती. शेताचे मालक असलेल्या काकांनी एक तुकडा तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "काळं झालं म्हंजे आपलंच किडं हाय, असं समजाचं का जी?"

प्रश्न अगदी नेमका होता. अंडं काळं पडतं याचा अर्थ इतकाच, की आत दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाढतोय. ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशीची मादी पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, तिची अळी आतला गर खाते आणि वाढ पुरी होताना कवचाला आतून गडद कण चिकटवते. त्यामुळे अंडं तीन-चार दिवसांत काळं दिसू लागतं. आठवडाभरात त्यातून अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी बाहेर पडते. पण ती नक्की कोणती, हे त्या काळेपणावरून कळत नाही. ट्रायकोग्रामा असो की तिची बहीण ट्रायकोग्रामाटॉयडिया, दोघी अंडं काळंच करतात.

वर्धा जिल्ह्यात हा फरक थेट पिकाशी जोडलेला आहे. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जायचा, आणि आजही जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं वर्ष कपाशीवरच ठरतं. 2002 मध्ये बीटी कपाशी आली, 2006 मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-2 आली, आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडं पोखरली. ही अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला अंड्यातच गाठायचं, तर ते काम या मित्रकीटकाचं. म्हणून गुलाबी बोंडअळीसाठी शिफारस होते ती ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रीची, हेक्टरी दीड लाख या प्रमाणात. एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी असतात. भातावरच्या खोडकिड्यासाठी जॅपोनिकम नावाची जात सोडतात, तर उसावर आणि इतर बोंडअळ्यांवर चिलोनिस. कार्डं सगळी सारखीच दिसतात, माशाही सारख्याच दिसतात. पण कोणती मादी कोणत्या पतंगाचं अंडं शोधून स्वीकारते आणि कोणतं टाळते, हे मात्र जातीजातीत वेगळं असतं.

इतक्या लहान जिवाची जात ओळखायची कशी? अनेक दशकं ती नीट ओळखलीच गेली नव्हती. भारतातल्या ट्रायकोग्रामाला कागदोपत्री मिन्यूटम किंवा इव्हॅनेसेन्स म्हटलं जाई. त्यातलं मिन्यूटम हे चार्ल्स रायली यांनी 1871 मध्ये अमेरिकेत दिलेलं नाव. अंगाचा पिवळा-तपकिरी रंग आणि आकार पाहून ही नावं लावली जात. पण हा रंग तापमानाप्रमाणे बदलतो, आणि आकार ज्या अंड्यात वाढ झाली त्यावर ठरतो. मोठ्या अंड्यातून मोठी माशी निघते, लहान अंड्यातून लहान. म्हणजे ज्या खुणांवर विसंबून नावं दिली होती, त्या खुणाच फिरत्या निघाल्या.

हा गुंता सोडवला बंगळूरच्या जैविक नियंत्रण केंद्रात काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी. 1971 च्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिलं, की विश्वासाची खूण आहे ती नराच्या जननेंद्रियाची रचना. नराला क्षारात उकळून पारदर्शक करायचं, काचपट्टीवर पोटाची बाजू वर करून बसवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो चिमुकला साचा वाचायचा. त्याचा पसरट भाग किती रुंद, टोक कुठवर पोचतं, मधली पट्टी केवढी, हे जातीगणिक ठरलेलं असतं. त्यांनी वेगवेगळ्या जातींचे संकर करूनही पाहिले. जिथे संतती होत नाही तिथे जात वेगळी, हा दुसरा पुरावा. माझ्या मते, प्रयोगशाळेतल्या या शांत कामाचं ऋण शेतीने अजून पुरतं मानलेलं नाही.

तरी नावाचा प्रवास संपला नाही. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या जातीला आधी ऑस्ट्रेलिकम म्हटलं गेलं. ते चूक ठरल्यावर इटलीच्या व्हिजियानी यांनी 1976 मध्ये तिला कन्फ्यूजम हे नाव दिलं. पुढे लक्षात आलं, की जपानच्या इशी यांनी 1941 मध्ये नोंदवलेली चिलोनिस ती हीच. जुनं नाव टिकलं. माशी मात्र तीच होती, उसाच्या पाचटात आणि कपाशीच्या पात्यांवर पतंगांची अंडी हुडकत.

मादीवरून जात सांगणं जवळपास अशक्य. आणि काही ट्रायकोग्रामांमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू पेशीत राहतो, त्याच्यामुळे नराशिवायच माद्यांच्या पिढ्या चालतात. अशा वेळी ओळखीसाठी नरच हाती नसतो. मग डीएनएमधला ठरावीक तुकडा वाचून जात ठरवावी लागते.

नावाची अशीच गंमत कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाच्या शत्रूबाबत झाली. 2005 नंतर कपाशीवर पांढरे गठ्ठे दिसू लागले, तेव्हा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 9 राज्यांतल्या 47 ठिकाणांचे नमुने तपासले. सुमारे 95 टक्के निघाले ते फेनोकोकस सोलेनॉप्सिस या परदेशी जातीचे. त्याच्या अंगात वाढणारी दोनेक मिलिमीटरची काळी चमकदार गांधीलमाशी 2009 मध्ये अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी नवी जात म्हणून नोंदवली, आणि कृषिशास्त्रज्ञ बांबावाले यांच्या नावावरून तिला एनेसियस बांबावालेई म्हटलं. तिचं डोकं शिंप्याच्या अंगुस्तानासारखं खळ्याखळ्यांचं असतं. नंतर तुलना केल्यावर दिसलं, की जिरॉ यांनी 1915 मध्ये ॲरिझोनातून नोंदवलेली जात ती हीच. आता तिचं नाव एनेसियस ॲरिझोनेन्सिस. ढेकूण अमेरिकेचा, त्याचा शत्रूही तिकडचाच. कोणी न आणता तो त्याच्या मागोमाग इथे पोचला.

शेतात तिची खूण ओळखायला सोपी: पांढरा मऊ ढेकूण तपकिरी, कडक दाण्यासारखा होतो आणि माशी बाहेर पडली की त्याला गोल भोक उरतं. पण त्याच दाण्यातून कधी प्रोमस्किडिया नावाची दुसरी माशी निघते, जी एनेसियसच्या अळीवर जगते. बाहेर आलेली प्रत्येक माशी मित्र म्हणून मोजली, तर हिशेब चुकलाच. फवारणी थांबवायची की नाही, हे त्या हिशेबावर ठरतं, म्हणून मला तो फार महत्त्वाचा वाटतो. कार्डाच्या पाकिटावरही जातीचं पूर्ण नाव आणि ती शेवटची कधी तपासली ती तारीख छापलेली असावी. पैदास करणाऱ्या खोलीत एका जातीत दुसरी मिसळली, तर उघड्या डोळ्यांना काहीच दिसत नाही.

त्या संध्याकाळी काकांच्या पट्टीचा एक कोपरा मी काचेच्या नळीत घालून, तोंडाला कापूस लावून घरी आणला. तिसऱ्या सकाळी आत धुळीसारखं काहीतरी हलत होतं. भिंगाखाली धरलं तर बहुतेकांच्या मिशा आखूड, टोकाशी जाड, म्हणजे माद्या. एकाच्या मिशीवर मात्र लांब केसांचा झुपका होता. तो नर. त्याला थेंबभर अल्कोहोलमध्ये घेतलं, वर तारीख आणि गावाचं नाव लिहिलं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर आता त्याच्याकडून मिळणार आहे.