माकडांचे अनुक्रम-अध्ययन: साखळी की स्थानज्ञान?

लहान मुलास सातचा पाढा घोटून म्हणता येतो. परंतु ‘सात आठे किती?’ असे मधूनच विचारले, की ते ‘सात एके सात’पासून पुटपुटू लागते. त्याला पाढ्याचा क्रम ठाऊक आहे असे म्हणावे, की केवळ एका पदामागून दुसरे पद जिभेवर येते एवढेच म्हणावे? अनुक्रम-अध्ययनाविषयीच्या जुन्या वादाचे मर्म याच प्रश्नात आहे.

एबिंगहाउस यांनी निरर्थक अवयवांच्या याद्या पाठ करून या विषयाच्या अभ्यासास आरंभ केला. पुढे वर्तनवाद्यांनी अनुक्रमास साखळी मानले: प्रत्येक प्रतिक्रिया हीच पुढील प्रतिक्रियेचे उद्दीपक ठरते. (आपल्याकडील क्रमपाठात प्रत्येक पद पुढच्या पदाशी जोडून म्हणतात, साखळीचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण.) लॅशली यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या मतावर कठोर आघात केला. वादकाची बोटे इतक्या वेगाने चालतात, की एका हालचालीची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचून तिने दुसरी घडवावी एवढा अवकाशच नसतो. मात्र त्यांच्या युक्तिवादाचा मोठा भाग मानवी भाषेवर आधारलेला होता. भाषा नसलेल्या प्राण्यास क्रमाचे असे अंतर्गत ज्ञान असते काय, हा प्रश्न उरलाच.

त्यासाठी प्रथम प्रयोगाची रीत बदलावी लागली. चक्रव्यूहात उंदराला प्रत्येक वळणावर नवी खूण भेटते. तेव्हा त्याचे यश साखळीनेही सहज उलगडते. कोलंबिया विद्यापीठातील टेरेस यांच्या पद्धतीत सर्व चित्रे पडद्यावर एकाच वेळी दिसतात आणि दर खेपेस त्यांच्या जागा बदलतात. प्राण्याने त्यांना ठरलेल्या क्रमाने स्पर्श करावयाचा. चूक झाली की खेप संपली. पडद्यावर पुढील पायरीची खूण कोठेच नसते. आपण कोठवर आलो, हे प्राण्यालाच लक्षात ठेवावे लागते.

पाच घटकांचा क्रम कबुतरेही शिकतात. पण शिकल्यावर त्यांतील दोनच घटक समोर ठेवले, तर पहिला किंवा शेवटचा घटक असलेल्या जोडीतच त्यांचा निभाव लागतो. दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा अशा मधल्या जोड्यांत ती गोंधळतात. डामाटो व कोलंबो यांनी १९८८ मध्ये कॅपुचिन माकडांवर हीच कसोटी लावली, तेव्हा मधल्या जोड्यांतही माकडे यशस्वी झाली. शिवाय जोडीतील आधीचा घटक यादीत जितका पुढे, तितका पहिल्या स्पर्शास अधिक वेळ लागला. जणू माकडही मनातल्या मनात आरंभापासून यादी चाळत होते! आपल्या पाढेवाल्या बालकाशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे. पण त्यामुळेच निर्णय होत नाही; मनात चाळलेली यादी हीही एक प्रकारची साखळीच, असे प्रतिपक्षी म्हणू शकेल.

हा आक्षेप चेन, स्वार्ट्झ व टेरेस यांच्या १९९७ मधील प्रयोगाने बराचसा दूर होतो, आणि माझ्या मते या सर्व संशोधनातील सर्वांत निर्णायक पुरावा हाच. त्यांनी ऱ्हीसस माकडांना प्रत्येकी चार छायाचित्रांच्या चार याद्या शिकविल्या. नंतर प्रत्येक यादीतून एकेक चित्र घेऊन नव्या याद्या रचल्या. काहींत प्रत्येक चित्राचे मूळ स्थान कायम ठेवले. काहींत ते बदलले. दोन्ही प्रकारांत शेजारची चित्रे पूर्वी कधीच एकत्र आलेली नव्हती, म्हणजे जुनी साखळी दोहोंतही सारखीच तुटलेली. तरीही स्थान कायम राखलेल्या याद्या माकडांनी जवळजवळ चुका न करता आत्मसात केल्या, तर स्थान बदललेल्या याद्यांस अगदी नव्या यादीइतकेच श्रम पडले. ‘हे चित्र तिसरे’ अशा स्वरूपाचे काही ज्ञान चित्राबरोबर साठविले गेले होते, असे मानल्यावाचून हा भेद उलगडत नाही.

टेरेस, सन व ब्रॅनन यांनी २००३ मध्ये सात चित्रांच्या याद्यांवरील यश नोंदविले. सात घटकांचे ५०४० क्रम संभवतात, हे ध्यानात घेता हे निव्वळ अंदाजाचे फळ नव्हे.

मात्र ‘तिसरे’ या शब्दाने आपली फसगत होऊ नये. यादीत दूर असलेल्या घटकांची जोडी जवळच्या जोडीपेक्षा अधिक अचूक सोडविली जाते, असे या प्रकारच्या प्रयोगांत वारंवार आढळते. स्थान हे अंकाप्रमाणे नेमके असते, तर अंतराने फरक पडू नये. तेव्हा माकडाच्या मनातील स्थान हे रेषेवरील काहीसे पसरट ठिकाण असावे, शेजारच्या ठिकाणांवर थोडेबहुत सांडणारे.